मेल्यावर माणूस कुठं जातो आणि त्याला जागा किती लागते

मंडळी, पोस्ट लांबली आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

परवा नगरपरिषदेच्या सभागृहात नव्या विकास आराखड्यावर बैठक झाली. रस्ते, बाजार, बाग सगळं झालं आणि गाडी नेहमीच्या जागी येऊन अडली, दफनभूमीच्या आरक्षणावर. शेजारच्या लेआऊटवाल्यांचा विरोध आहे. त्यांचं म्हणणंही समजतं, आयुष्याची कमाई घालून प्लॉट घेतलाय आणि भाव पडणार. पण बोलताना कुणी भावाचं बोललं नाही. एक सद्गृहस्थ उठले आणि म्हणाले, "मेल्यावर सगळे सारखेच ना? मग जागा कशाला वेगवेगळी? एक विद्युतदाहिनी बसवा, विषय संपला." टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, माझेही हात वर आले होते. वाक्य ऐकायला चांगलंच आहे.

मागच्या बाकावर दोघं बसले होते. एक लिंगायत समाजातले आप्पा, दुसरे कब्रस्तान कमिटीचे चाचा. दोघांनी टाळी वाजवली नाही. एकमेकांकडे पाहिलं आणि पायऱ्या उतरून गेले. रात्री घरी आल्यावर ती नजर डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी पत्रकारितेची पदविका करून आलो तेव्हा पहिलं काम मिळालं निधनवार्ता. नव्या पोराला हेच देतात. चार ओळींचा मजकूर, त्यात चुकायला काय असतंय असं वाटायचं. पहिल्याच महिन्यात चुकलो. एका निवृत्त शिक्षकांच्या नावाआधी सवयीनं 'कै.' लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कार्यालयात आला. ओरडला नाही, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, "साहेब, आमचे वडील कैलासाला गेले नाहीत. त्यांनी जन्मभर कैलास मानला नाही. कालकथित लिहा." शुद्धिपत्र छापलं. तेव्हापासून टेबलाच्या काचेखाली एक कागद ठेवला, तो अजून आहे. शैव असेल तर कैलासवासी. माळकरी असेल तर वैकुंठवासी. लिंगायत असेल तर लिंगैक्य. मुसलमान असेल तर पैगंबरवासी, ख्रिस्ती असेल तर ख्रिस्तवासी. बौद्ध असेल तर कालकथित, म्हणजे काळानं सांगितलं, संपलं, पुढचा पत्ता नाही.

बघा, आपल्या मराठी वर्तमानपत्राच्या चार ओळींच्या कोपऱ्यात सहा परलोक शेजारीशेजारी नांदतात. प्रत्येकाचा पत्ता वेगळा आहे, वाट वेगळी आहे आणि वाटेवर लागणारं सामानही वेगळं आहे. मेल्यावर सगळे सारखे हे एका अर्थानं खरं. पण मेलेला कुठं गेला याबद्दल जिवंत माणसं काय मानतात, ते कधीच सारखं नव्हतं.

किती जुनं आहे हे? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी, सांकळिया, ढवळीकर, अन्सारी यांनी, तिथं 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. इसवी सनापूर्वी साधारण 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती निघाली. ही माणसं आपली मढी गावाबाहेर नेत नव्हती. घराच्या जमिनीखालीच पुरायची. लहान मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे. आईच्या पोटासारखं. मोठं माणूस असेल तर खड्ड्यात आडवं, आणि घोट्याखालचे पाय तोडलेले. हो, तोडलेले. उत्खनन करणाऱ्यांनी लावलेला अर्थ असा की, मेलेल्यानं उठून चालत दुसरीकडं जाऊ नये, घरातच राहावं. नेवाशालाही असंच सापडलं. पण इनामगावात एक मढं निराळं मिळालं. चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला माणूस, पाय शाबूत. तो गावाचा प्रमुख असावा असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीही परलोकात व्हीआयपी होताच.

विदर्भात नागपूरच्या आसपास जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथं मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. लोखंड वापरणाऱ्या लोकांच्या पुरण्याच्या जागा. माहुरझरीला माणसासोबत घोडा पुरलेला सापडला, तांब्याच्या साजासकट. पुढं घोडा लागणार, अशी पक्की खात्री असल्याशिवाय एवढं महागाचं जनावर कोण पुरेल? मेळघाटात कोरकू लोक आजही मेलेल्यासाठी कोरीव लाकडी खांब उभा करतात, मुंडा म्हणतात त्याला. चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरलेले असतात. आमच्यातले काही जण यांना मागास म्हणतात, पण घोडेस्वाराचं चित्र तेच आहे.

आता वेदाकडं. लोकांना वाटतं हिंदू म्हणजे दहन, आणि ते पहिल्या दिवसापासून. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पितरांना बोलावताना अग्नीनं जळलेले आणि न जळलेले अशा दोन्ही पितरांना बोलावलंय. म्हणजे दोन्ही चालत होतं. तिथं यम हा भीतीदायक रेडेवाला नाही. मरणारा पहिला माणूस तो, म्हणून पुढं गेलेल्यांचा राजा. पुनर्जन्म तिथं स्पष्ट दिसत नाही. तो येतो उपनिषदांत, आणि येतो कसा ते फार गमतीचं आहे. बृहदारण्यकात आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, माणूस मेल्यावर वाचा अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात जातो, डोळा सूर्यात जातो, मग तो स्वतः कुठं राहतो? याज्ञवल्क्य त्याचा हात धरतो आणि सांगतो, हे चारचौघांत बोलायचं नाही. दोघं बाजूला जातात आणि कर्माबद्दल बोलतात. ज्या कर्मसिद्धांताचा आज व्हॉट्सॲपवर रोज सकाळी रतीब असतो, तो एके काळी कोपऱ्यात जाऊन बोलायची गोष्ट होता. छांदोग्यात तर प्रवाहण जैवली नावाचा राजा उद्दालक आरुणीसारख्या ब्राह्मणाला मेल्यानंतरच्या दोन वाटा शिकवतो, आणि ही विद्या याआधी ब्राह्मणांकडं नव्हती असंही ऐकवतो.

त्याच सुमाराच्या वातावरणात वाढलेली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. पाली ग्रंथांत, दीघनिकायात, पायासी नावाचा एक राजन्य येतो. कोसल देशातल्या सेतव्या नगराचा. हा आमच्या व्यवसायातला माणूस, पुरावा दाखव म्हणणारा. परलोक नाही, पुन्हा जन्म नाही, चांगल्या-वाईटाचं फळ नाही असं त्याचं मत, आणि तो नुसता बोलत नाही, प्रयोग करतो. मरायला टेकलेल्या पापी नातेवाइकांना सांगतो, नरकात गेलास तर येऊन सांग. पुण्यवानांना सांगतो, स्वर्गात गेलास तर येऊन सांग. कुणीच येत नाही. मग एका चोराला जिवंतपणी मोठ्या रांजणात बंद करून, तोंड कातड्यानं आणि मातीनं लिंपून, खाली जाळ लावतो. तो मेल्यावर हळूच तोंड उघडून बघतो, जीव बाहेर पडताना दिसतो का. दिसत नाही. दुसऱ्याला जिवंतपणी तोलतो, गळा आवळून मारल्यावर पुन्हा तोलतो. क्रूर माणूस, पण पद्धत बघा.

कुमार कस्सप नावाचा भिक्खू त्याच्याशी वाद घालतो. म्हणतो, नरकातला माणूस कसा येईल? तुझ्या शिपायांनी फाशी द्यायला धरून नेलेला चोर 'जरा घरी सांगून येतो' म्हणाला तर सोडतील का? आणि स्वर्गातला कशाला येईल? शेणखड्ड्यातून काढून, अंघोळ घालून, माडीवर बसवलेला माणूस पुन्हा खड्ड्यात उडी मारेल? शिवाय तिथला एक दिवस म्हणजे इथली शंभर वर्षं. तो येईपर्यंत तू कुठं असशील? वजनाचंही उत्तर आहे. लोखंडाचा गोळा तापला की हलका आणि मऊ होतो, थंड झाला की जड आणि कडक, तसंच देहाचं. (शास्त्राला धरून नाही, पण वादात चालून गेलं.)

पायासी शेवटी हरतो, दानधर्म सुरू करतो. पण काय देतो? कण्या, आंबट पेज आणि जाडंभरडं कापड. दानाचा कारभार बघणारा उत्तर नावाचा तरुण त्याला सुनावतो, जे तुम्ही पायानं शिवणार नाही ते लोकांना देता. मेल्यावर उत्तराला चांगला स्वर्ग मिळतो आणि पायासीला एक रिकामं विमान, आत कुणी नाही. आमच्याकडच्या अन्नछत्राच्या काही देणगीदारांना ही गोष्ट कुणीतरी वाचून दाखवावी.

हीच गोष्ट जैनांच्या अर्धमागधी ग्रंथातही आहे. तिथं राजा पएसी आणि मुनी केशी. प्रयोग जवळपास तेच, पण निष्कर्ष वेगळा. जैनांना जीव सिद्ध करायचा आहे, बौद्धांना कर्माचं फळ. कारण बुद्धानं कायम टिकणारा आत्मा नाकारला. मिलिंदपन्हात नागसेन ग्रीक राजा मिनँडरला रथाचं उदाहरण देऊन समजावतो की चाक, आस, जू वेगळं काढल्यावर रथ नावाची वस्तू उरत नाही. माणसाचंही तसंच.

आणि 1907 साल उजाडतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरहिल गावचे डॉक्टर डंकन मॅकडूगल मरणाऱ्या सहा रुग्णांचे पलंग तराजूवर ठेवतात. एकाचं वजन पाऊण औंस, म्हणजे सुमारे 21 ग्रॅम घटतं. बाकीच्यांचे आकडे जुळत नाहीत, दोन मोजण्या ते स्वतःच बाद करतात. मग पंधरा कुत्र्यांवर प्रयोग करतात, त्यांचं वजन घटत नाही, म्हणून कुत्र्यांना आत्मा नाही म्हणतात! आत्म्याचं वजन 21 ग्रॅम असतं हा जो मेसेज तुम्हाला दरवर्षी येतो ना, त्याचं मूळ एवढंच. पायासीनं निदान उलटं उत्तर आल्यावर वाद घातला होता.

असो. आता सगळ्यात जवळच्या विषयावर येतो, दहाव्यावर.

आमचे अण्णा गेले तेव्हा नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. एक तास झाला. आत्या म्हणाली, "त्याचं काहीतरी राहिलंय रे. बोल काहीतरी." भाऊ म्हणाला, "अण्णा, आईला सांभाळतो." नाही आला. मी पुढं झालो आणि बऱ्याच वर्षांपासून थकवलेलं एक कबूल केलं, बहिणीच्या हिश्श्याचं. कावळा त्यानंतर पाच मिनिटांनी आला. मी विज्ञान मानणारा माणूस आहे. पलीकडं दुसऱ्यांचा दहावा उरकला, गर्दी हलली, म्हणून आला असेल. पण चाळीस माणसांसमोर बोललेला शब्द फिरवता येत नाही. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागलं. त्या विधीचा आत्म्याला काय उपयोग झाला ते मला माहीत नाही, बहिणीला झाला.

पण तर्काचा प्रश्न उरतोच. आत्मा दुसरा जन्म घेतो म्हणता, मग पिंड कुणाला? दहा दिवसांच्या पिंडांनी प्रेताला नवं शरीर येतं, बाराव्याच्या सपिंडीनं ते पितरांत मिसळतं, ही कल्पना पितृलोकाची. जुनं वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा जन्म ही कल्पना पुनर्जन्माची. दोन्ही आपण एकाच घरात मानतो. चार्वाकांनी यावर पूर्वीच बोट ठेवलं. वाल्मीकी रामायणात जाबाली रामाला सांगतो की श्राद्ध म्हणजे अन्नाची नासाडी. राम रागावतो, तो भाग वेगळा. आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे, 1963 चे भारतरत्न, महामहोपाध्याय काणे यांनीही श्राद्धावर लिहिताना पुनर्जन्म आणि पिंडदान यांचा मेळ बसवणं अवघड आहे हे झाकून ठेवलं नाही. जैनांच्या मते तर जीव देह सोडताच क्षणार्धात पुढच्या जन्माला पोचतो. मधे भटकायला वेळच नाही. म्हणून त्यांच्या शास्त्रात पिंडाला जागा नाही.

हे सगळं सांगायचं कारण, मढ्याचं काय करायचं हे यावर ठरतं. पुढं दुसरा देह मिळणार असेल तर हा देह जाळून टाकायला हरकत नाही. हाच देह पुन्हा उठणार असेल तर तो जपून ठेवायला हवा. जमीन, पाणी, अग्नी पवित्र मानले तर यातलं काहीच करता येत नाही. विकास आराखड्यातलं आरक्षण इथून सुरू होतं, नगररचनाकाराच्या टेबलावर ते फक्त शेवटी येतं.

पारशांचंच घ्या. मेल्यावर तीन रात्री आत्मा देहाच्या आसपास असतो, चौथ्या पहाटे चिन्वत पुलावर त्याचा निवाडा होतो. पुण्यवानाला पूल रुंद, पाप्याला धारेसारखा. प्रेत अशुद्ध, त्यानं माती किंवा अग्नी विटाळायचा नाही, म्हणून दोखमा आणि गिधाडं. मुंबईत मलबार हिलवर डुंगरवाडी सतराव्या शतकापासून आहे. आणि 1990 च्या दशकात गिधाडंच संपायला लागली. कारण 2004 मध्ये कळलं, जनावरांना वेदनाशामक म्हणून टोचायचं डायक्लोफेनॅक. मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी. 2006 मध्ये भारतानं जनावरांसाठी ते औषध बंद केलं, तोवर गिधाडं जवळपास नामशेष झाली होती. मग दोखम्यावर सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवली. 2015 मध्ये वरळीला, दहन करू इच्छिणाऱ्या पारशांसाठी प्रार्थनागृह सुरू झालं. पुरोहितवर्गात वाद आजही आहे. गोठ्यातल्या इंजेक्शननं एका धर्माची हजारो वर्षांची परलोकाची वाट अडवली. यापेक्षा मोठी बातमी मी तरी पाहिली नाही.

अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायली लोकांची जुनी दफनभूमी आहे. फुटलेल्या जहाजातून सात पुरुष, सात बाया वाचल्या आणि बुडालेल्यांची मढी तिथं दोन ढिगाऱ्यांत पुरली, अशी त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत. एलियाहू हन्नाबी त्यांचा लाडका. बायबलप्रमाणे तो मेलाच नाही, अग्निरथातून स्वर्गात गेला, आणि त्या रथाची खूण अलिबागजवळच्या एका खडकावर आहे असं ते मानतात. आपले तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असं वारकरी मानतात, तेव्हा हसण्याआधी हे आठवावं. किंवा हे ऐकून हसण्याआधी तुकोबा.

वैकुंठावरून आठवलं. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते 1616 मध्ये रायतूरला छापलं. ख्रिस्ती स्वर्ग मराठी माणसाला कसा सांगायचा? त्यांनी सरळ वैकुंठ हा शब्द घेतला. पण वाट मात्र वेगळी होती. ख्रिस्ती श्रद्धेत शेवटच्या दिवशी देहासह उठायचं आहे. म्हणून कॅथलिक चर्चनं दहनाला मनाई केली होती, ती 1963 मध्ये उठली. आणि 2016 मध्ये रोमनं पुन्हा सांगितलं, दहन करा पण राख वाऱ्यावर उधळू नका, घरात ठेवू नका. मुंबईत जागा नाही म्हणून जुन्या कबरी उघडून हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. श्रद्धा आणि चौरस फूट यांचा हा असा रोजचा व्यवहार.

इस्लाममध्ये कबर हा मुक्काम आहे. कयामतीपर्यंतचा मधला काळ म्हणजे बरजख. पुरल्यावर मुनकर आणि नकीर हे फरिश्ते येऊन सवाल करतात, तुझा रब कोण, दीन कोणता. मयताला उजव्या कुशीवर, तोंड काब्याकडं करून ठेवतात. आपल्याकडून मक्का पश्चिमेला, म्हणून आपल्या कब्रस्तानातल्या कबरी उत्तर-दक्षिण. चाचांनी मला हे वीस वर्षांपूर्वी काडीनं मातीत रेघ ओढून दाखवलं होतं. सुफींचा उरूस आपण सगळे जातो, पाळण्यात बसतो, भजी खातो. उरूस या शब्दाचा अर्थ लग्न. पीर मेला तो दिवस त्याच्या लग्नाचा, परमेश्वराशी मिलनाचा.

आणि आता ज्यांना वाटतं पुरणं हे 'त्यांचं' आणि जाळणं हे 'आपलं', त्यांच्यासाठी. लिंगायत पुरतात. बसवण्णांपासून बाराव्या शतकातली ही परंपरा. देह बसवलेला, हातात इष्टलिंग, भस्म, बेलाची पानं. मेलेला लिंगाशी एकरूप झाला, मग सुतक कसलं, पिंड कसला? महानुभाव पुरतात. नाथ, गोसावी, संन्यासी यांची समाधी असते. दात न आलेलं मूल आपण सगळेच पुरतो. ज्ञानोबांची आळंदीची समाधी 1296 ची आहे, चितेची जागा नाही ती. परवाच्या आराखड्यातली जागा अर्धी याच मंडळींसाठी मागितलेली आहे. विरोध करणाऱ्यांनी ती फाईल वाचलेली दिसत नाही.

मेल्यावर सगळे सारखे म्हणणाऱ्यांना अजून एक विचारायचं आहे, कधीपासून? चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले, 1338 मध्ये असं परंपरा सांगते. नामदेवांनी ढिगाऱ्यातून हाडं निवडली, ज्या हाडातून विठ्ठल ऐकू आला ते चोखोबांचं. ती हाडं पंढरपूरला आणली आणि समाधी झाली महाद्वारासमोर, बाहेर. आत्मा पांडुरंगात मिळाला यावर कुणाचं दुमत नव्हतं. हाडं मात्र दाराबाहेरच राहिली. आणि आपल्या तालुक्यात किती गावांत आजही वस्तीनुसार दोन-दोन, तीन-तीन स्मशानं आहेत ते तुम्ही जाणता. शेड मिळालं कुणाला आणि पावसात रॉकेल ओतून कोण जाळतंय हेही.

म्हणून जोतीरावांनी या विषयाला हात घातला होता. 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला, लग्नाइतकंच मरणाच्या विधीतूनही भटजी काढला. स्वतःचं दहन करू नये, मिठात घालून पुरावं अशी त्यांची इच्छा होती, घरामागं जागाही ठरवली होती, हे चरित्रकारांनी नोंदवलंय. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले. वस्तीत पुरायला नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. शेवटी दहन झालं. टिटवं कुणी धरायचं यावर भाऊबंदांनी तंटा केला, तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या आणि टिटवं धरून चालल्या. महात्मा फुल्यांनाही नगरपालिकेनं जागा दिली नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

बाबासाहेबांच्या 14 ऑक्टोबर 1956 च्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पण प्रश्न त्यांनी टाळला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच ते विचारतात, आत्मा नसेल तर कर्म कशाला चिकटणार आणि पुनर्जन्म कुणाचा? त्यांचं उत्तर भौतिक आहे. देहातली तत्त्वं निसर्गातल्या त्याच तत्त्वांत मिसळतात आणि त्यातून पुन्हा जीवन घडतं, आत्म्याचा प्रवास नाही. माझ्या टेबलावर आलेल्या त्या मुलाला हे माहीत होतं, मला नव्हतं.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर कोरोना आठवा. 30 मार्च 2020 ला मुंबई महापालिकेनं आदेश काढला, मृत कोणत्याही धर्माचा असो, दहनच करायचं. विरोध झाल्यावर काही तासांत बदलला. मग वांद्र्याच्या दफनभूमीविरुद्ध रहिवासी कोर्टात गेले. 22 मे 2020 ला उच्च न्यायालयानं ते फेटाळलं, दफनानं विषाणू पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानानं अंत्यसंस्कार हा कलम 21 मधल्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं. श्रीलंकेनं मात्र मुसलमानांची मढी जबरदस्तीनं जाळली, 2021 च्या फेब्रुवारीपर्यंत. 2024 मध्ये तिथल्या सरकारनं माफी मागितली. माफीनं राखेची कबर होत नाही.

आणि छत्तीसगड. जानेवारी 2025, बस्तरमधलं छिंदवाडा गाव. एक ख्रिस्ती पास्टर 7 तारखेला वारले. गावानं पुरू दिलं नाही. मुलगा सर्वोच्च न्यायालयात गेला. मढं शवागारात. 27 तारखेला निकाल आला, दोन न्यायमूर्तींचं एकमत नव्हतं. इतके दिवस पडून राहिलंय म्हणून पुढं न पाठवता, वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरायला सांगितलं. बापाला मूठमाती द्यायला मुलाला वीस दिवस लागले.

आपल्याकडं अजून असं झालेलं नाही. पण आप्पांनी परवा पायऱ्यांवर मला जे सांगितलं ते सांगतो. त्यांच्या समाजाच्या जुन्या जागेत आता खणलं की आधीचं हाड लागतं. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या भावजयीच्या वेळी तिसरा खड्डा रिकामा निघाला. पाऊस, अंधार, बॅटरीचा उजेड, आणि घरची माणसं पुरुषभर लांब उभी. "माझी सोय आधीच बघून ठेवली पाहिजे बाबा," ते म्हणाले आणि हसले. चाचा हसले नाहीत. त्यांच्याकडं उत्तरेच्या भिंतीलगतची एकच ओळ उरली आहे.

आराखड्यावर हरकती-सूचना द्यायला या महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. साधा कागद, नाव, पत्ता, सही, आवक शिक्का मारून घ्यायचा. हरकतींचा गठ्ठा मी पाहिला, आरक्षणाच्या विरोधात चिक्कार आहेत. बाजूनं सात. आठवी माझी आहे, काल दिली.